कळंबे सर आणि अकरा दिवसांची वीज

बिरवाडीला आमच्या चाळीत भाद्रपदात दोन गणपती बसायचे. एक शेजारच्या माईंच्या ओटीवर, पेणहून आणलेला, शाडूचा, पिवळा पितांबर नेसलेला. दुसरा कळंबे सरांच्या खोलीत. तो लोखंडी पत्र्याचा होता, आडवा होता आणि त्याच्या पोटात साडेनऊशे अंशांची आग असायची. सर स्वतः त्याला भट्टीच म्हणत. गणपती म्हणायची चाळ. पहिल्याला हात जोडायचे आणि दुसऱ्याला हात लावायचा नाही, एवढाच फरक आम्हाला माहीत होता.

मी त्या चाळीत नऊ वर्षं काढली. महाडच्या कॉलेजात मी इतिहास शिकवायचो आणि गॅदरिंगची नाटकं बसवायचो. कळंबे सर पदार्थविज्ञान शिकवायचे. आमच्या खोल्या समोरासमोर, मधे चार फुटांचा बोळ. माणूस उंच, किडकिडीत, आणि चालायचा असा की जणू खाली मूल झोपलंय. बोळातून माझ्या खोलीत यायचे तेव्हा ते आलेत हे मला त्यांच्या सावलीवरून कळायचं. माझ्यासारख्या, रंगमंचावर दाणदाण पावलं वाजवत प्रवेश करणाऱ्या माणसाला हे सहन होत नसे. एकदा मी विचारलं, "सर, तुम्ही पाय न टेकता चालता का हो?" ते म्हणाले, "सवय आहे. धक्का बसला की बिघडतं." काय बिघडतं, ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

शर्टाच्या खिशात पेनाऐवजी भिंग. नाक्यावरच्या चहावाल्याकडे गेलं की हे महाशय बरणीतली चिमूटभर साखर वर्तमानपत्रावर टाकून भिंगातून बघत बसत. चहावाला कंटाळून म्हणायचा, "सर, साखर ढवळायची असते. बघायची नसते." सर मान वर न करता म्हणत, "ही घाईत काढलेली आहे. कडा बघा, सगळ्या मोडक्या." सत्यनारायणाच्या प्रसादात खडीसाखर आली तर विचारायलाच नको. दोऱ्यावर वाढलेला मोठा खडा मिळाला की तो खात नसत, रुमालात बांधून ठेवत. "हलवाई आमच्या आधीपासून हे काम करतायत," म्हणायचे. "फक्त त्यांना कोणी डॉक्टर म्हणत नाही."

त्यांचं एकच पालुपद होतं, आणि ते वर्गात, बाजारात, लग्नाच्या पंगतीत सारखंच चालायचं. "घाई केली की चुरा मिळतो."

सर मूळचे पोलादपूर तालुक्यातल्या कापड्याचे. घरची भातशेती. शिकायला मुंबईला गेले आणि एम.एस्सी. झाल्यावर तिथल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत चार वर्षं होते. काम एकच, स्फटिक वाढवायचे. एकसंध, आतून बाहेरून एकच रचना असलेले. त्यात त्यांचा हात असा बसला होता की त्यांचे गुरू, ज्यांना ते 'मोठे सर' म्हणत, परदेशी पाहुण्यांना यांच्या स्फटिकांच्या नळ्या दाखवायचे. आणि एका पावसाळ्यात कापड्याला बांधावरच त्यांच्या वडिलांना, आबांना, पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. फक्त एक शब्द शिल्लक राहिला, "बरं." सर एकुलते एक, आई आधीच गेलेली. आठ दिवसांच्या रजेवर आले ते राहिलेच. महाडला नोकरी धरली. आठवडाभर आबांकडे म्हातारी आत्या बघायची, आणि शनिवारी दुपारी सर पोलादपूरमार्गे कापड्याची एस.टी. धरायचे. सोमवारी पहाटे परत. गणपतीतले दिवस सोडले तर एकाही शनिवारी चुकलं नाही.

मी राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या वर्षी मोठ्या सरांचं पत्र आलं. ते पत्र मी वाचलंय, कारण सरांनी ते मला वाचायला दिलं आणि मी वाचत असताना माझ्या तोंडाकडे बघत बसले. संस्थेतल्या स्फटिक विभागाचे जुने गृहस्थ चार वर्षांनी निवृत्त होणार होते. ती जागा मोठ्या सरांच्या मनात कळंब्यांसाठी होती. पण इतकी वर्षं खेड्यात शिकवणाऱ्या माणसाचं नाव ते समितीपुढे कशाच्या जोरावर ठेवणार? तेव्हा, पत्रात लिहिलं होतं, स्वतःच्या हाताने वाढवलेला, नखाएवढा एक स्फटिक मला आणून दाखव. पुढचं मी बघतो.

"नखाएवढा म्हणजे काही फार नाही," मी म्हणालो.

सरांनी करंगळी पुढे केली. "एवढा," म्हणाले. आणि मग बराच वेळ स्वतःच्याच नखाकडे बघत बसले.

कशाचा स्फटिक, ते त्यांनी मला समजावलं. इतिहासवाल्याला समजावताना ते फार मायेने बोलत. टँटलम नावाचा एक धातू आणि आपलं गंधक. दोन्हींची पूड क्वार्ट्झच्या नळीत घालायची, त्यात चिमूटभर आयोडीन. नळीतली हवा उपसून तोंड वितळवून बंद करायचं. मग नळी भट्टीत आडवी ठेवायची, एक टोक जास्त गरम, दुसरं थोडं कमी. आयोडीनची वाफ गरम टोकाकडचा धातू खांद्यावर घेते, गार टोकाला नेऊन उतरवते आणि रिकामी परत येते. "हमाली," सर म्हणाले. "आठ-नऊ दिवस अखंड हमाली. गार टोकाला पापुद्र्यासारखे स्फटिक वाढत जातात. मधे भट्टी गार झाली की सगळं मुसळ केरात."

"आणि शेवटी?"

"शेवटी नळी लाल असतानाच एकदम पाण्यात. हळू गार होऊ दिली तर हा आपला स्वभाव बदलतो. त्याला बेसावध पकडायचा."

माई दारात सुपातले तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजे इसर्जन."

"हो माई," सर हसले. "तसंच."

"पण एवढं कशासाठी?" मी विचारलं. "चमकतो म्हणून?"

"त्यात इलेक्ट्रॉन अडकतात म्हणून," सर म्हणाले. "गार केला की तेरा-तेरा अणूंची टोळकी होतात. प्रत्येक टोळक्यात एक इलेक्ट्रॉन. पुस्तकाच्या हिशोबाने त्यांनी पळत सुटायला हवं, वीज वाहायला हवी. पण शेजारच्या प्रत्येक घरात आधीच एकेक जण बसलेला. हा हलायचा तर तो हलायला हवा, तो हलायचा तर पलीकडचा. म्हणून सगळे जागच्या जागी. पुडीत हे दिसत नाही. पूड म्हणजे जत्रा. स्फटिक म्हणजे कवायत, तिथे दिसतं."

मी म्हणालो, "सर, हे तर आपल्या स्टाफरूमचं वर्णन झालं." त्यावर ते हसले नाहीत.

आता अडचण काय, तर वीज. आमच्याकडे वीज येणं ही बातमी असायची आणि जाणं हे हवामान. बिरवाडीत सरांनी खोली घेतली तीही कारखान्यांच्या शेजारी वीज जरा जास्त टिकते म्हणून. पण जरा जास्त म्हणजे दोन दिवस, फार तर तीन. सलग नऊ-दहा दिवस वीज अख्ख्या वर्षात एकदाच मिळे. चतुर्थीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत. आरतीच्या वेळी अंधार झाला तर लोक काय करतील हे वीजवाल्यांना चांगलं ठाऊक होतं. "माझं विज्ञान फक्त भाद्रपदात चालतं," सर म्हणायचे. म्हणजे चार वर्षांची मुदत दिसायला चार वर्षांची, प्रत्यक्षात चार गणपतींची.

भट्टी त्यांनी स्वतः बांधली. भंगारवाल्याकडून आणलेली चिनीमातीची नळी, तिच्यावर हाताने गुंडाळलेली तार, भोवती भट्टीच्या विटा, बाहेर पत्रा. समोर लाल आकडे दाखवणाऱ्या दोन डब्या. चतुर्थीला इकडे माईंच्या ओटीवर प्राणप्रतिष्ठा, तिकडे सरांनी बटण दाबलं. आणि मग ते अकरा दिवस अंगणाच्या पलीकडे गेले नाहीत. कॉलेजातून रजा. एका स्टुलावर बसून आकड्यांकडे बघत राहायचं, आकडा दोनाने सरकला की स्क्रू केसभर फिरवायचा. जेवण माई खिडकीतून देत. आंघोळीला गेले तर मला स्टुलावर बसवून जात, आणि मी काहीही न करता नुसतं बसायचं आहे हे तीनदा सांगून जात.

माईंना यात काहीच विचित्र वाटलं नाही, हे मला फार गमतीचं वाटे. कोकणात गणपती घरात असताना घर रिकामं ठेवत नाहीत, दाराला कुलूप लावत नाहीत. कोणीतरी मागे राहतंच. तेव्हा सरांचं बसणं सगळ्या चाळीला पटकन समजलं, कॉलेजातल्या प्राध्यापकांना मात्र शेवटपर्यंत समजलं नाही. शेजारपाजारच्या बायका माईंच्या गणपतीला आल्या की सरांच्या दारातूनही डोकावून जात. "बसलाय काय ओ सर?" "बसलाय." "यंदा किती दिवसांचा?" "अकरा." "सांभाळा." एवढं बोलून निघत.

पहिल्या वर्षी सातव्या दिवशी दुपारी मंडळाच्या मांडवातल्या रोषणाईने नाक्यावरचा फ्यूज उडवला. वायरमन आला, फ्यूज बसवला, चाळीस मिनिटांत वीज परत. सर भट्टीवर तळवा ठेवून उभे होते, तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. वायरमन भला माणूस, सायकल टेकवून आत आला. "सर, चाळीसच मिनिटं गेली."

"तुम्ही चाळीस मिनिटं श्वास धरून बघा," सर म्हणाले. आणि लगेच त्याला चहा पाजला.

दुसऱ्या वर्षी सगळं छान चाललं होतं. सहाव्या दिवशी सकाळी कापड्याहून माणूस आला, आबांनी दोन दिवस अन्न घेतलं नाही, बघून जा. सर स्टुलावर बसले होते. त्यांनी आकड्याकडे पाहिलं, त्या माणसाकडे पाहिलं, परत आकड्याकडे. मी म्हणालो, "जा तुम्ही. मी बसतो." त्यांनी भट्टीच्या चारी पायांभोवती खडूने रेघा मारल्या, मला शपथा घातल्या आणि गेले.

आता जे सांगतोय ते मी आजवर फार कमी लोकांना सांगितलंय. त्या दिवशी गौरी जाणार होत्या आणि माईंचा गणपती गौरींबरोबर जायचा. माईंनी हाक मारली, "पानं वाढलीत ओ सर, गरम हायत तवर या." मी म्हटलं, वीस मिनिटांचा प्रश्न. आकडे स्थिर होते. पुरणपोळ्या, तुम्हाला सांगतो, पडद्यासारख्या पातळ होत्या. मी चार खाल्ल्या. चौथीने घात केला.

मी परत आलो तर भट्टीवर हळदकुंकू, दोन दुर्वा आणि अक्षता. माई पदराने हात पुसत समाधानाने उभ्या. "आमच्याची उत्तरपूजा केली, म्हटलं हा बापडा एकटा कशाला राहील. याची पण केली. हलवला हो बोटभर."

उत्तरपूजा झाली की मूर्ती जागची किंचित हलवतात, तेव्हा देव निघाला असं समजायचं. माईंनी रीत सोडली नव्हती. मी खाली पाहिलं. खडूची रेघ पायापासून बोटभर लांब गेली होती.

सर दुसऱ्या दिवशी दुपारी आले. आबांनी त्यांना बघितल्यावर पेज घेतली होती. खोलीत शिरल्या शिरल्या त्यांची नजर रेघेवर गेली. मग अक्षतांवर. मागून माई आल्या, हातात निवगऱ्यांची वाटी. "सर, तुमच्या भट्टीची पूजा मी केली हो. तुमी नव्हतात ना."

मी, शेकडो प्रवेश केलेला माणूस, भिंतीला चिकटून उभा होतो.

"बरं केलंत, माई," सर म्हणाले. वाटी घेतली. उभ्याउभ्या सगळ्या निवगऱ्या खाल्ल्या.

माई गेल्यावर त्यांनी मला सांगितलं, धक्क्याने गरम टोकाची पूड घरंगळून गार टोकाला गेली असणार. आता प्रत्येक कणावर वेगळा स्फटिक धरणार. तरी त्यांनी भट्टी बंद केली नाही. उरलेले दिवस तसेच बसले, आकडे सांभाळत. मी विचारलं, आता कशाला? म्हणाले, "माईंना वाटेल ना, का बंद केली." अनंत चतुर्दशीला नळी पाण्यात सोडली, फोडली, आत नुसती चमचमणारी वाळू. माईंनी विचारलं, "झाला काय चांगला?" सर म्हणाले, "झाला." त्या बाईला शेवटपर्यंत काही कळलं नाही, आणि हे लिहितानाही मला धाकधूक वाटते आहे.

तिसरं वर्ष तर सुरूच झालं नाही. नळ्या बंद करायचं काम मुंबईलाच, संस्थेत व्हायचं. सर मुंबईहून एस.टी.ने नळी मांडीवर घेऊन येत, आबांच्या जुन्या धोतरात गुंडाळून. त्या वर्षी वडखळच्या अलीकडे कंडक्टरने विचारलं, "काय आहे त्यात?" दुसरा कोणी म्हणाला असता, बासरी. पण कळंबे सर. "टँटलम, आयोडीन आणि गंधक," म्हणाले. गंधक ऐकून कंडक्टरने घंटी ओढली. वडखळला भर उन्हात उतरवून दिलं. पुढे सर कौलांच्या ट्रकमधून आले. माणगावपर्यंत नळी शाबूत होती, त्यानंतर नव्हती. तसाच आयोडीनचा वास अंगावर घेऊन ते घरी पोचले, धोतरावर तांबडे-पिवळे डाग. माईंनी ते धोतर तीनदा धुतलं.

चौथ्या वर्षी मी म्हणालो, आता प्रवासाचं माझ्यावर सोडा. मी बरोबर गेलो. नळी पांढऱ्या फडक्यात बांधली, वर तुळशीची काडी खोवली, आणि एस.टी.त बसताना चेहरा असा केला की कंडक्टरने काहीच विचारलं नाही. उलट खिडकीची जागा रिकामी करून दिली. नागोठण्याला चढलेल्या एका म्हातारीने गाठोड्याला हात जोडले आणि सरांना विचारलं, "कोण गेलं, बाबा?"

सरांना खोटं बोलता येत नव्हतं. ते घाबरून म्हणाले, "अजून कोणी नाही."

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, दुःखाने याच्या डोक्यावर परिणाम झालाय अशा अर्थाने. ती कोलाडपर्यंत सरांच्या पाठीवरून हात फिरवत होती. ती उतरल्यावर सर मला जे बोलले ते फक्त दोन शब्द होते आणि त्यातला एकही छापण्यासारखा नाही. पण नळी पोचली.

त्या वर्षी आत्या थकली होती म्हणून आबांनाही बिरवाडीलाच आणलं होतं. भट्टीशेजारी त्यांची खाट. अकरा दिवस एका खोलीत तिघे, सर, आबा आणि ती आग. खिडकीपाशी उभं राहिलं तरी चेहरा भाजायचा. सरांनी मला आबांना पंख्याने वारा घालायचं काम दिलं होतं. आबा मात्र खूश. जन्मभर भात वाढताना बघत बसलेला माणूस, त्यांना बसून राहण्याचं काही वाटत नव्हतं. आकडा जरा सरकला की त्यांचा डावा हात खाटेच्या कडेवर आपटायचा. सर डुलकीतून जागे होऊन स्क्रू फिरवत.

"आबा, बरोबर आहे ना आता?"

"बरं."

चतुर्दशीला दुपारी चाळ जमली. अंगणात पाण्याने भरलेली लोखंडी बादली. सरांनी लांब चिमट्याने नळी ओढली, ती संध्याकाळच्या सूर्यासारखी लाल होती, आणि चार पावलांत बादलीत सोडली. असा चर्र आवाज झाला की कोंबड्या पळाल्या. कोणीतरी सवयीने मोरया म्हणालं आणि सगळ्यांनी साथ दिली. सर कशातच नव्हते. गुडघे टेकून पाण्यात बघत होते.

नळी फोडली तेव्हा आत पापुद्रे होते. सोनेरी झाक असलेले, आरशासारखे सपाट, आणि त्यातला एक त्यांच्या अंगठ्याच्या नखाएवढा. सरांनी तो कागदावर घेऊन आबांसमोर धरला. आबांनी त्यात आपला चेहरा पाहिला असावा. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "बरं," आणि डाव्या हाताने मुलाच्या तोंडावरचा घाम पुसला.

दिवाळीनंतर नेमणुकीचं पत्र आलं. सगळ्यांना आनंद झाला आणि मग सगळ्यांना आबा आठवले. सरांनी विचारलं, "आबा, मुंबईला याल माझ्याबरोबर?" "बरं." "का माईंकडे राहाल?" "बरं." "मी जाऊच नको का?" "बरं." सर खाटेवर बसून हसले, आणि ते हसणं कोणाला फारसं आवडलं नाही. शेवटी निकाल माईंनी दिला. "मुंबईत चौथ्या मजल्यावर काय करतील ते? तिथं कोंबडा तरी ऐकू येईल काय? राहूद्या माझ्याकडे. दर शनवारी येता ना तुमी, तसेच या."

"येतो," सर म्हणाले.

पहिले दोन-तीन महिने आले. मग महिन्याने, मग सणाला. मग नाक्यावरच्या दुकानात संध्याकाळी फोन यायला लागला. माई आबांना हाताला धरून, पाय ओढत तिथे नेत, रिसीव्हर कानाला लावत. पलीकडून सर काय विचारत ते कळायचं नाही. अलीकडून एक शब्द ऐकू यायचा, पाच-सहा वेळा.

सर गेल्याच्या तिसऱ्या वर्षी गणपतीत माईंनी मला बोलावलं. "तुमी जा नि त्यांना घेऊन या. आबा दाराकडं बघत बसतात. गौरी जेवायच्या दिवशी तरी पोरगा पानावर असूदे."

मी गेलो. संस्थेच्या तळघरात, जाड दारापलीकडे, गार हवा. ओळीने चार भट्ट्या, चकचकीत, बाहेरून हात लावला तरी गरम नाहीत. समोर एक स्टूल आणि त्यावर सर. मला बघून इतके आनंदले की उठताना स्टूल पडलं. सगळं दाखवलं. इथे वीज जातच नाही, मागे जनरेटर आहे, बॅटऱ्या आहेत. यंत्रात आकडे भरून ठेवले की ते आपलं आपण तापवतं, आपलं आपण सांभाळतं. बाकीची मंडळी सोमवारी बटण दाबतात आणि पुढच्या बुधवारी येऊन नळी काढतात.

"मग तुम्ही इथे का बसता?"

"बसायची गरज नाय म्हणतात," सर म्हणाले. हा 'नाय' त्यांच्या तोंडून मी कापड्याच्या माणसांशी बोलतानाच ऐकला होता. "मला वेडा समजतात."

"गणपतीला किती दिवस सुट्टी?"

"मागेन तेवढी."

"मागितलीत का?"

मी माईंचा निरोप सांगितला. आबांचं दाराकडे बघणं सांगितलं. ते ऐकत होते आणि अधूनमधून त्यांची नजर लाल आकड्यावर जात होती. आठशे पन्नास. मी एक तासभर तिथे होतो, तो आठशे पन्नासच होता.

"चला तर मग," मी म्हणालो. "अडीचची महाड गाडी मिळेल."

"चला," ते म्हणाले, आणि इतक्या पटकन की मलाच आश्चर्य वाटलं. कपाटातून पिशवी काढली. ती भरलेलीच होती. आत आबांसाठी नवं धोतर, माईंना लुगडं, टूथब्रश. बूट घातले. आम्ही जिने चढून वर आलो, बाहेर ऊन होतं, ते मला माईंच्या गौरीच्या मुखवट्यांबद्दल विचारत होते, यंदा नवे आणले का. फाटकाशी आलो. वहीत सही करायला त्यांनी पेन उचललं आणि थांबले.

"एक मिनिट हां," म्हणाले. "फक्त आकडा बघून येतो."

मी फाटकाशी उभा राहिलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. वॉचमन साताऱ्याकडचा होता, त्याने मला स्टूल दिलं. वीस मिनिटं झाल्यावर म्हणाला, "तुम्ही निघा साहेब, तुमची गाडी जाईल."

"कळंबे सर येतायत."

"न्हाय यायचे," तो म्हणाला. "दर शनवारी इथवर येत्यात. पिशवी घेऊनच येत्यात."

मी परत जिना उतरलो. मी नाटकवाला माणूस, रुसलेल्या नटांना ओढून रंगमंचावर नेलेलं आहे. दंडाला धरून न्यायचं ठरवूनच उतरलो. खाली दार उघडंच होतं, त्यांनी ते लावून घेतलं नव्हतं. सर माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसले होते, बूट घातलेले, पिशवी मांडीवर, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली, एस.टी.त धरून बसावं तशी. समोर आठशे पन्नास. मी दारात होतो तेवढ्या वेळात ते एकदा उठले. पिशवी खांद्याला लावली, दोन पावलं दाराकडे टाकली, आणि आकडा हलला नाही ना, ते बघायला वळले.